घराच्या जाहिरातीतले शब्द आणि त्यांच्यामागचे कागद

मृगनक्षत्र

पुण्यात दोन बीएचके शोधतेय. नवीन बांधकामही चालेल, रीसेलही चालेल. त्यामुळे सध्या संकेतस्थळं, वर्तमानपत्रातले बारीक टाइपातले चौकोन आणि एजंटांचे व्हॉट्सॅप फॉरवर्ड एवढंच वाचन चालू आहे. घरं कमी आणि शब्द जास्त दिसतात. एका जाहिरातीचा मजकूर देते, प्रकल्पाचं नाव गाळलंय:

"प्रशस्त २ बीएचके, ९५० चौ. फूट, ८५ लाख ऑनवर्ड्स, ओपन कार पार्किंगसह, नियरिंग पझेशन, सीसी रिसीव्ह्ड, क्लिअर टायटल, सर्व बँकांचं लोन उपलब्ध, प्रस्तावित मेट्रो स्थानकापासून ५ मिनिटं."

यातलं मला 'प्रशस्त' तेवढं कळलं, आणि नेमकं तेच खोटं असणार. बाकीचं कुणी उलगडून सांगेल का? ९५० म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजलेले? सीसी म्हणजे घर तयार झालं असं समजायचं का? रीसेलच्या जाहिरातीत तर आणखी वेगळीच भाषा असते, तेही घ्या या धाग्यात.

तिरपागडा

'प्रशस्त' खोटं नाहीये. फोटोग्राफरची लेन्स प्रशस्त होती.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एजंट मंडळी येतीलच.)

उंबरठा

टायटल सर्च, म्हणजे मालकीचे जुने कागद तपासणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे माझी वाचायची पद्धत थोडी खडूस आहे. जाहिरातीतल्या प्रत्येक शब्दाला मी एकच विचारतो: तुझ्यामागे कागद कुठला? कागद निघाला तर तो शब्द घ्यायचा. नाही निघाला तर ते विशेषण, त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

आधी ९५० चौ. फूट. आकड्याच्या पुढे 'कारपेट' लिहिलेलं नसेल तर तो आकडा सुपर बिल्ट-अप किंवा 'सेलेबल' आहे असंच धरा. कारपेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जमीन. त्यात भिंतींची जाडी धरली की बिल्ट-अप. त्यावर जिना, लिफ्ट, लॉबी, क्लबहाउस यांतला तुमच्या नावचा हिस्सा चढवला की सुपर बिल्ट-अप. हा हिस्सा किती चढवायचा याला कायद्याने ठरवलेलं प्रमाण नाही. बिल्डर ठरवेल तो आकडा, त्याला बाजारात 'लोडिंग' म्हणतात.

कायद्यात व्याख्या आहे ती कारपेटची. रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांना शिस्त लावणारा कायदा, २०१६ चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. त्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, डक्ट, फक्त तुमच्या वापराची बाल्कनी आणि उघडी गच्ची हे सगळं कारपेटच्या बाहेर. घरातल्या घरात दोन खोल्यांमधल्या भिंती मात्र आत. म्हणजे रेरा कारपेटमधलीही प्रत्येक इंच जागा गालिचा घालण्याजोगी नसते, पण निदान सगळीकडे मोजमाप एक.

करारात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. १ चौ. मीटर म्हणजे १०.७६४ चौ. फूट. साठेखताच्या, म्हणजे अंतिम खरेदीआधी होणाऱ्या विक्री कराराच्या, मसुद्यातला आकडा काढा, गुणाकार करा, मग बोला.

गच्चीवर

उंबरठा यांच्याशी सहमत. गणित करूनच दाखवतो. समजा तुमच्या त्या ९५० वाल्या फ्लॅटच्या मसुद्यात रेरा कारपेट ५८.५० चौ. मीटर निघालं. म्हणजे साधारण ६३० चौ. फूट. ८५ लाखांना ९५० ने भागलं तर फुटाला ८,९४७ रुपये, ६३० ने भागलं तर १३,४९२. शेजारच्या प्रकल्पात कारपेटवर १२,५०० सांगत असतील तर तो महाग वाटेल, आणि असेल स्वस्त. तुलना करायची तर एका मापाने करा, नाहीतर करू नका.

आणखी एक. 'युजेबल कारपेट' नावाचा नवा प्रकार दिसतो हल्ली. त्यात रेरा कारपेट अधिक बाल्कनी अधिक ड्राय बाल्कनी अधिक कुठला तरी कोनाडा अशी बेरीज असते. बाल्कनी वाईट नाही, पण तिचा आकडा वेगळा मागा. बाल्कनी बंद करून हॉलमध्ये घेतलेली असेल तर ती मंजूर नकाशात तशी आहे का हेही विचारा.

दोन_खिडक्या

तिरपागडा, आलो बघा एजंट. शिव्या खायची तयारी ठेवूनच आलोय.

थोडी दुसरी बाजू. रीसेलच्या जाहिरातीत बिल्ट-अप लिहिलेलं असतं ते दर वेळी फसवण्यासाठी नसतं. १९९५ सालच्या फ्लॅटच्या करारातच बिल्ट-अप लिहिलेलं असतं, मालकाला तेवढंच माहीत असतं, इंडेक्स टू मध्येही (नोंदणी कार्यालयाचा उतारा) तेच. मी कारपेट लिहिलं तर मालक भांडतो की माझं घर लहान करून दाखवलं. संकेतस्थळावर मी एकट्याने ५६० कारपेट लिहिलं आणि बाकीच्यांनी त्याच इमारतीतल्या तशाच फ्लॅटला ७५० लिहिलं, तर फोन कुणाला येतील?

आणि लोडिंग ही चोरी आहे असं मला वाटत नाही. लॉबी रुंद हवी, लिफ्ट चार हव्यात, पोहण्याचा तलाव हवा, मग त्या जागेचे पैसे कुणीतरी देणारच ना?

गच्चीवर

द्यावेत की. पण मग दर कारपेटवर सांगा आणि लॉबीचा खर्च त्या दरात घाला. माझ्या घरात लॉबीचे १०० चौ. फूट आहेत असं सांगू नका, कारण मी तिथे कपाट ठेवलं तर सोसायटी नोटीस काढते.

(मीच काढतो, सेक्रेटरी आहे.)

तिरपागडा

हा हा. +१

मृगनक्षत्र

गणित डोक्यात गेलं. आता सीसी. माझा भाऊ म्हणतो सीसी मिळालं म्हणजे झालं, बिनधास्त घे.

उंबरठा

भावाला थांबवा.

आपल्याकडे दोन वेगळ्या कागदांची आद्याक्षरं 'सीसी'च आहेत. एक कमेन्समेंट सर्टिफिकेट, मराठीत प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. दुसरं कम्प्लिशन सर्टिफिकेट, पूर्णत्वाचा दाखला. एक पहिल्या दिवशी लागतं, दुसरं शेवटी मिळतं, आणि जाहिरातीत दोन्ही दोन अक्षरांत बसतात. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाने 'सीसी रिसीव्ह्ड' लिहिलं असेल तर ते प्रारंभ प्रमाणपत्रच असणार. तेही कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा. सीसी टप्प्याटप्प्याने मिळू शकतं. दहाव्या मजल्यापर्यंतचं सीसी हातात असताना पंधराव्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला काढलेला मी पाहिला आहे.

मुंबईच्या जाहिरातीत 'आयओडी रिसीव्ह्ड' असंही दिसतं. तो १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या कलम ३४६ खालचा कागद. नाव आहे 'नापसंतीची सूचना' आणि वापर होतो परवानगीसारखा! म्हणजे अमुक अमुक अटी पूर्ण केल्या नाहीत तर आम्हाला तुमचा आराखडा नापसंत आहे, असं महापालिका कळवते. अटींची लांबलचक यादी सोबत असते. आयओडी आलं म्हणजे सीसी आलं असं नव्हे.

राहायला जायच्या दृष्टीने खरा कागद ओसी, भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे आणि तिथे माणसांनी राहायला हरकत नाही, असं महापालिका किंवा नियोजन प्राधिकरण त्यात म्हणतं.

नळदुरुस्ती

ओसीवर माझ्याकडून चार शब्द. 'रेडी पझेशन' आणि 'ओसी रिसीव्ह्ड' यांत गल्लत करू नका. मधे एक लबाड शब्द असतो, 'फिट-आउट पझेशन'. म्हणजे ओसी आलेलं नाही, पण तुम्ही फर्निचर करून घ्या म्हणून चावी देतात. लोक सुतार लावतात, मग मुलांच्या शाळा सुरू होतात म्हणून राहायलाच जातात, आणि बिल्डरवरचा दबाव तिथेच संपतो.

ओसीशिवाय राहणाऱ्या इमारतीचे हाल मी धंद्यामुळे जवळून बघतो. मुंबईत पाणी चढ्या दराने येतं, काही ठिकाणी टँकरवर वर्षं काढतात. विकायला काढलं की गिऱ्हाइकाची बँक कागद मागते.

'पार्ट ओसी' असेल तर तुमची विंग आणि तुमचा मजला त्यात आहे का ते बघा. खालच्या सात मजल्यांचं पार्ट ओसी दाखवून वरचे विकतात.

निरगुडी

माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. एक शंका: बांधकाम चालू आणि ओसी झालेलं यांत पैशाचा फरक किती पडतो? आम्हाला दोन्ही दर साधारण सारखेच सांगितलेत.

गच्चीवर

दर सारखा असेल तर ओसीवालं स्वस्त पडतं, कारण पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असताना घेतलं तर एप्रिल २०१९ पासून ५ टक्के, आणि 'अफोर्डेबल' व्याख्येत बसलं तर १ टक्का. अफोर्डेबल म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत, आणि कारपेट महानगरात ६० चौ. मीटरपर्यंत, इतरत्र ९० पर्यंत. दोन्ही अटी पाळल्या पाहिजेत. या हिशोबात मुंबई महानगर प्रदेश 'महानगर' आहे आणि पुणे नाही, पुणेकरांनी राग मानू नये.

मृगनक्षत्र यांचा ८५ लाखांचा फ्लॅट धरू. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ९५ हजार. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३० हजार. जीएसटी ४ लाख २५ हजार. झाले ९५ लाख ५० हजार. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर राज्यात त्यात १ टक्क्याची सूट मिळते, ती मागायला विसरू नका. आणि शुल्क लागतं ते करारातली किंमत किंवा रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रक) येणारी किंमत यांतल्या मोठ्या रकमेवर.

यात अजून सोसायटी स्थापनेचे, क्लबहाउसचे, 'डेव्हलपमेंट चार्जेस' नावाचे आणि आगाऊ देखभालीचे पैसे आलेले नाहीत. म्हणून 'ऑनवर्ड्स' शब्द दिसला की कॉस्ट शीट, म्हणजे सगळ्या खर्चाचा तक्ता, मागायची. त्यातलं 'फ्लोअर राइज' म्हणजे दर मजल्यामागे फुटाला वाढत जाणारे रुपये, आणि 'पीएलसी' म्हणजे बाग, रस्ता किंवा कोपरा यांच्या शेजारासाठी जास्तीचे. जाहिरातीतली किंमत सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या, सगळ्यात अंधाऱ्या फ्लॅटची असते.

दोन_खिडक्या

'ऑल इन्क्लुझिव्ह' किंवा 'पॅकेज' लिहिलेलं असेल तर मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी धरून. पण हे तोंडी घेऊ नका, कॉस्ट शीटवर सही-शिक्क्यासह घ्या. एजंट असून सांगतोय.

टीडीएसचंही लक्षात ठेवा. ५० लाख किंवा त्याच्यावरच्या घरात खरेदीदाराने १ टक्का कापून सरकारकडे भरायचा असतो. तो किमतीतूनच जातो, वरून द्यायचा नाही. रीसेलमध्ये हे विसरलं की नोटीस खरेदीदाराला येते, विकणाऱ्याला नाही. विकणारा परदेशात राहणारा असेल तर नियम वेगळे आणि कापायची रक्कम मोठी, तिथे आधी सीए गाठा.

मृगनक्षत्र

ओपन कार पार्किंगबद्दल कुणीच बोललं नाही.

उंबरठा

बोलण्यासारखं कमी आहे. उघडं पार्किंग सामायिक जागेत मोडतं, ते बिल्डरला विकता येत नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात, रेराच्या आधीच्या मोफा या फ्लॅट मालकीच्या कायद्याखाली, उघडं आणि स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग वेगळं विकता येणार नाही असं ठरवलं. रेरात छप्पर असलेली, बंदिस्त जागा विकता येते, पण मग ती करारात क्रमांकासकट आली पाहिजे. 'ओपन पार्किंग सह' हे तुम्हाला आपल्या वाट्याची हवा भेट दिल्यासारखं आहे. ते कुणाला मिळणार हे पुढे सोसायटी ठरवणार.

मेकॅनिकल पार्किंग असेल तर गाडीची उंची विचारा. स्टॅकच्या खालच्या खणात उंच गाड्या मावत नाहीत, हे लोकांना चावी मिळाल्यावर कळतं.

तिरपागडा

अवांतर: मजल्याचं काय? आमच्याकडे एकाने 'अठरावा मजला' घेतला. पोडियमचे, म्हणजे खालच्या पार्किंगचे, चार मजले धरून आणि तेरावा गाळून तो अठरावा. राहायचे मजले मोजले तर खरा तेरावाच आहे, ज्याला सगळे घाबरतात.

निरगुडी

😄 पण फ्लोअर राइज अठराव्याचाच घेतला असेल!

उंबरठा

हसू नका, मुद्दा बरोबर आहे. मजल्याचा क्रमांक मंजूर नकाशातला घ्यायचा. करार, बँक, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट या तिन्हींत तो एकच हवा.

आता 'नियरिंग पझेशन'. याला कागद आहे, आणि तो घरबसल्या दिसतो. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. प्रकल्पाचा क्रमांक 'पी' अक्षराने सुरू होतो, एजंटचा 'ए' ने. जाहिरातीत एजंटने स्वतःचाच क्रमांक ठळक छापलेला असतो आणि आपल्याला वाटतं प्रकल्प नोंदलेला आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे, तो फोनने उघडला की त्या प्रकल्पाचं पान दिसतं.

तिथे दोन तारखा बघायच्या: नोंदणीच्या वेळी दिलेली पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख. पहिली कधीच उलटून गेली असेल आणि मुदतवाढ घेतलेली असेल, तर 'नियरिंग' शब्द किती ताणला आहे ते कळेल. काही विक्री कार्यालयं रेरा तारीख एक सांगतात आणि 'टार्गेट पझेशन' दुसरं, वर्षभर आधीचं. करारात जाते ती रेरावाली. उशीर झाला तर व्याज किंवा पैसे परत मागायचा हक्क (कलम १८) करारातल्या तारखेपासूनच मोजला जातो. टार्गेटला तसा आधार नाही.

त्याच पानावर मंजूर नकाशे, प्रारंभ प्रमाणपत्र, वकिलाचा टायटल रिपोर्ट, जमिनीवरचा बोजा, किती फ्लॅट विकले गेले आणि चालू खटले असं बरंच काही असतं. ब्रोशरपेक्षा ते वाचायला रुक्ष आहे, पण ब्रोशरवरची झाडं त्यात नसतात.

नळदुरुस्ती

भर घालतो. जाहिरातीत नंबरच नसेल आणि 'प्री-लाँच', 'ईओआय चालू' (घ्यायची इच्छा आहे असं आगाऊ नोंदवणं), 'फक्त निमंत्रितांसाठी' असं असेल तर लांब राहा. नोंदणीआधी जाहिरात करायला किंवा पैसे घ्यायला कायद्याने मनाई आहे. सूट फक्त लहान प्रकल्पांना: भूखंड ५०० चौ. मीटरपर्यंतचा किंवा फ्लॅट आठपर्यंत. आणि नोंदणी झालेल्या प्रकल्पातही नोंदवलेल्या साठेखताशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 'आज बुक करा, २० टक्के भरा, अग्रीमेंट पुढच्या महिन्यात' हे बेकायदा आहे, स्कीम नाही.

मृगनक्षत्र

'सर्व बँकांचं लोन उपलब्ध' यालाही कागद आहे म्हणायचा? बँकेने तपासलं म्हणजे टायटल क्लिअर असणारच ना?

उंबरठा

बँकेने तपासलं ते बँकेच्या पैशापुरतं. तिचा वकील कागद बघतो, ती प्रकल्पाला एक मंजुरी क्रमांक देते, तो खरोखर आहे का हे त्या बँकेच्या शाखेत विचारता येतं. 'सर्व बँका' हे मात्र विशेषण. आणि बँक घराच्या किमतीच्या काही हिश्श्यापुरतीच अडकलेली असते, तुमचे हप्ते चालू आहेत तोवर तिला झोप लागते. वाद निघाला तर हप्ते तुम्हीच भरत राहणार.

'क्लिअर टायटल' म्हणजे निदान मागच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च रिपोर्ट, तुमच्या वकिलाने काढलेला. बिल्डरने दिलेला वाचावा, पण त्यावर थांबू नये.

आडवातिडवा

आम्ही मुंबईत रीसेल शोधतोय, तिकडचे शब्द कुणी घेईल का? 'जोडी फ्लॅट', 'कन्व्हर्टेड २ बीएचके', 'पागडी', '१ आरके' आणि सगळ्यात कोड्यात टाकणारं 'सेल बिल्डिंग'. बिल्डिंग सेलमध्येच असणार ना, नाहीतर जाहिरात कशाला?

दोन_खिडक्या

हे माझं खातं. घ्या.

१ आरके म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, हॉल नाही. बीएचकेतला 'एच' नाही हे लक्षात ठेवलं की पुरे.

जोडी म्हणजे शेजारचे दोन फ्लॅट आतून जोडलेले. दोन करार, दोन शेअर सर्टिफिकेटं, देखभालीची दोन बिलं. मधली भिंत काढायला परवानगी घेतली होती का हे विचारा, आणि ती भिंतच होती की कॉलमला धरून असलेला भाग, तेही.

कन्व्हर्टेड म्हणजे कागदावर १ बीएचके. स्वयंपाकघर बाल्कनीत किंवा पॅसेजमध्ये सरकवलं आणि मूळच्या स्वयंपाकघरात पलंग टाकला. बँक मोजणार १ बीएचके, रीडेव्हलपमेंटमध्ये मिळणार तेही १ बीएचकेच्या क्षेत्रफळावर. दर २ बीएचकेचा लावलेला असतो. राहायला वाईट नसतं हं, पण भाव १ चा करा.

सेल बिल्डिंग: झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत दोन प्रकारच्या इमारती उभ्या राहतात. रिहॅब म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना मिळालेली घरं. ती वाटपानंतर ठरावीक वर्षं विकता येत नाहीत आणि नंतर विकायलाही प्राधिकरणाची परवानगी लागते. सेल बिल्डिंग म्हणजे बिल्डरला खुल्या बाजारात विकायला मिळालेली. जाहिरातीत भाव फारच उतरलेला दिसला तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: सेल की रिहॅब? मुदतीआधीचं रिहॅबचं घर 'पॉवर ऑफ अटर्नीवर' देतो म्हणणारे भेटतात. घेऊ नका. परवानगी नाही म्हणजे घर तुमचं नाही.

पागडीवर गच्चीवर काका लिहितील, मला तिथे कमिशन मिळत असल्यामुळे माझं मत धरू नका.

गच्चीवर

काका कुणाला म्हणता, पण असो.

पागडीत तुम्ही मालक होत नाही. भाडेकरूचा हक्क विकत घेता. घरमालक कायम राहतो, त्याला दरमहा किरकोळ भाडं द्यायचं, आणि हस्तांतराच्या वेळी रकमेतला ठरलेला वाटा त्याला जातो. भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, त्यात या व्यवहाराला मान्यता आहे, त्यामुळे पागडी म्हणजे काळा धंदा हा समज चूक आहे. पण घरमालकाच्या संमतीशिवाय आणि त्याच्या पावतीत तुमचं नाव चढल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. गृहकर्ज सहसा मिळत नाही. म्हणून 'फक्त रोख-चेक ग्राहक' अशी ओळ पागडीच्या जाहिरातीत दिसते. दक्षिण मुंबईतला भाव बघून 'इतका स्वस्त कसा' असं वाटलं तर शेवटच्या ओळीत हा शब्द शोधा.

मालकी हक्काच्या जुन्या सोसायटीत 'कन्व्हेयन्स डन' लिहिलेलं असेल तर तो खरोखर मोलाचा शब्द आहे. जमीन बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावरून सोसायटीच्या नावावर झाली. महाराष्ट्रात कित्येक सोसायट्यांची इमारत त्यांची आणि जमीन भलत्याच्या नावावर, अशी स्थिती आहे. बिल्डर करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) घेता येतं. आमच्या सोसायटीने तेच केलं, आणि त्यानंतरच रीडेव्हलपमेंटवाले नीट बोलायला लागले. कागद म्हणून मिळकत पत्रिका मागा, तिच्यावर सोसायटीचं नाव हवं.

आणि 'रीडेव्हलपमेंट चालू' किंवा 'गोइंग इन रीडेव्हलपमेंट' हे वाचून हुरळू नका. सर्वसाधारण सभेचा ठराव झालाय, बिल्डर नेमलाय की विकास करारनामा नोंदवलाय, यात काही वर्षांचं अंतर असतं. आमच्याकडे चौकशीला आलेला एकजण म्हणाला, जाहिरातीत लिहिलंय तुमची बिल्डिंग जाणार आहे. मी म्हटलं, आम्हाला अजून कुणी सांगितलं नाही.

सोसायटीच्या नावाने हस्तांतराचे लाखो मागितले तर तेही नाकारा. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. 'ऐच्छिक देणगी' सक्तीची नसते.

आडवातिडवा

नवी मुंबईतल्या जाहिरातींत 'सिडको ट्रान्सफर एक्स्ट्रा' असतं ते?

उंबरठा

तिथली बरीच जमीन सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. हस्तांतराला सिडकोचं शुल्क आणि परवानगी लागते, एक्स्ट्रा म्हणजे ते शुल्क तुमच्या खिशातून. भाडेपट्ट्याची किती वर्षं उरली ते बघून ठेवा.

कोकणकडा

फ्लॅटवाल्यांचं चालू द्या, पण प्लॉटच्या जाहिराती यापेक्षा भयंकर असतात. शनिवारी-रविवारी गाडी पाठवून साइट दाखवणारे, त्यांची भाषा ऐका:

'एनए प्लॉट' आणि 'आर-झोन प्लॉट' एक नव्हेत. आर-झोन म्हणजे विकास आराखड्यात तो पट्टा निवासी दाखवलाय. एनए म्हणजे त्या जमिनीला अकृषिक वापराची परवानगी मिळाली. 'एनए प्रोसेसमध्ये' म्हणजे नाही. 'बंगलो प्लॉट' म्हणजे काहीच नाही.

'फार्म हाउस प्लॉट' म्हणजे शेतजमीन. महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकरीच घेऊ शकतो, कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. 'आम्ही शेतकरी दाखला करून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या.

'सामायिक सातबारा' म्हणजे एका गटात तुमच्यासारखे वीस जण, कुणाचा तुकडा कुठे हे फक्त दगडांना माहीत. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे असे विकले जातात ते १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याला वळसा घालायला. 'नोटरी करून देतो' म्हणाले तर तो खरेदीखताचा पर्याय नाही. कुलमुखत्यारपत्रावरची विक्रीही मालकी देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सूरज लॅम्पच्या निकालात ते स्पष्ट केलंय.

सातबारा उघडला की नाव सगळेच बघतात. त्याआधी 'भोगवटादार वर्ग' बघा. वर्ग १ असेल तर मालक विकायला मोकळा. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. मग 'इतर हक्क' वाचा, बँकेचा किंवा गावातल्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, दाव्याची नोंद, सगळं तिथेच असतं. आणि खालचे फेरफार क्रमांक. शेवटचा फेरफार अगदी ताजा असेल तर तो काढून वाचाच, बहीण-भावांचं वाटप नुकतंच झालेलं असतं किंवा व्हायचं राहिलेलं असतं.

निरगुडी

गुंठा म्हणजे १,००० चौ. फूट असं आम्हाला सांगितलं होतं.

कोकणकडा

१,०८९. चाळीस गुंठ्यांचा एकर. तुमचे ८९ फूट रस्त्यात गेले म्हणतील, तो रस्ता कागदावर आहे का विचारा.

मृगनक्षत्र

धागा वाचून त्या जाहिरातीवाल्यांना फोन केला. कारपेट विचारलं तर म्हणे साइटवर या, मग सांगतो. रेरा क्रमांक मात्र दिला. पानावर पूर्णत्वाची मूळ तारीख उलटून गेलीये आणि मुदतवाढ दिसतेय. प्रारंभ प्रमाणपत्र बाराव्या मजल्यापर्यंतचं, आम्हाला दाखवताहेत तो नववा, म्हणजे ते ठीक. जाहिरातीतला 'प्रस्तावित मेट्रो' मी सोडूनच दिलाय.

भाऊ म्हणतो घेणाऱ्यांची गर्दी आहे, निदान ५० हजार टोकन टाकून फ्लॅट अडवून ठेवू. काय करू?

दोन_खिडक्या

टोकन द्यायचंच असेल तर चेकने, आणि रद्द झालं तर किती दिवसांत किती परत हे लिहून घ्या. 'नॉन-रिफंडेबल' छापलेला फॉर्म असेल तर सही करू नका, गर्दी असो वा नसो. गर्दी आमच्याकडे नेहमीच असते हो.

उंबरठा

चेक लिहिण्याआधी साठेखताचा मसुदा मागा. नोंदणीच्या वेळी तो महारेराच्या संकेतस्थळावर चढवावाच लागतो, त्यामुळे 'बुकिंगनंतर देऊ' हे उत्तर चालत नाही. त्यात नवव्या मजल्याच्या त्या फ्लॅटचं चौ. मीटरमधलं कारपेट, बाल्कनी वेगळी, पार्किंगचा क्रमांक आणि ताबा देण्याची तारीख या चार जागा बघा. रिकाम्या ठेवल्या असतील तर भरून मागा. मसुदा आला की इथे टाका, नावं खोडून. कलमं मी वाचून देतो.

मृगनक्षत्र

मागितलाय. 'सर सुट्टीवर आहेत, सोमवारी पाठवतो' असं उत्तर आलंय. आला की डकवते.